कोचच्या दाराचं कुलूप

रिसालीत मी रोज सकाळी फिरायला निघतो तेव्हा बंद घरापाशी थांबायची मला सवय लागली आहे. दाराला बाहेरून कुलूप दिसलं की पाय आपोआप अडतात आणि कान आत जातात. बहुतेक घरांतून काहीच येत नाही. माणसं गावाला गेलेली असतात. तरी मी उभा राहतो. परवा एका नव्या भाडेकरूनं विचारलं, "अंकल, किसको ढूँढ रहे हो?" मी म्हटलं, कोणाले नाही. आणि पुढे निघालो.

ही सवय पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरपासूनची. मी कोकओव्हनला, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होतो. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून या हिंदी मुलखात आलेला, चौथीच्या पुढे शाळा न पाहिलेला, पण माझ्या बॅटरीवर, भट्ट्यांच्या त्या रांगेत, माझ्या शब्दाला मान होता. शेजारच्या क्वार्टरमध्ये कारखान्याच्या फुटबॉल टीमचा कोच राहायचा. तोही आपल्याच भागातला, माझ्याहून वयानं लहान, खेळाच्या भरतीतून लागलेला. गुडघा जाईपर्यंत मीसुद्धा त्याच्या हाताखाली बॅकला खेळलो. खोटं कशाला सांगू, असा कोच मी परत पाहिला नाही. कधी ओरडला नाही, कोणत्या पोराला हात लावला नाही. भिजवलेले चणे घरून डब्यात आणायचा आणि ज्याच्या घरी चूल धड पेटत नाही त्या पोराच्या हातावर दोन मुठी जास्त ठेवायचा. शॉपमध्ये त्याला देव मानत.

तर त्या क्वार्टरला दिवसभर कुलूप असायचं. लग्न होऊन बायको आली होती हे आम्ही पाहिलेलं, पण कुलूप पाहून वाटायचं, गेली असेल माहेरी. एकदा उन्हाळ्यात माझी आई गावाहून आली. दुपारी व्हरांड्यात तांदूळ निवडत बसली होती. एकदम उठून आत आली, तोंड पांढरं.

"बाबू, त्या घरात काहीतरी आहे."

"कोणत्या?"

"त्या कुलपाच्या. आतून लसणाच्या फोडणीचा वास येऊन राह्यला."

मी हसलो. पण बाहेर येऊन उभा राहिलो तर खरंच वास. मग कुकरची शिट्टी झाली. बंद घरातून. आईनं त्याच संध्याकाळी आमच्या दाराला लिंबू-मिरची बांधली आणि परत जाईपर्यंत त्या भिंतीकडे पाठ करून झोपली. तिला कोणी सांगितलं नाही की आत भूत नाही, वहिनी आहे, कोचची बायको. माझ्या बायकोला ते आधीच माहीत होतं. ती मागच्या खिडकीच्या जाळीतून वहिनीला कधी कढीपत्ता, कधी सुईदोरा देत असे. आख्ख्या लाइनीतल्या बायांना माहीत होतं. आम्हा गड्यांना मात्र माहीत नव्हतं, किंवा असं म्हणू की आम्ही माहीत करून घेतलं नव्हतं.

रात्री बायकोनं सांगितल्यावर मी दुसऱ्याच दिवशी मैदानावर त्याला तोंडावर विचारलं होतं. "कुलूप कावून लावता जी?" तो शांतपणे बुटाची लेस बांधत म्हणाला, "जमाना खराब आहे, भाऊ." बस. त्यानंतर मी त्याच्या हातचा चहा घेतला नाही. पण आमच्याकडे एक रीत होती. कारखान्याच्या गेटमधून आत आलेला माणूस कामापुरता पाहायचा. तो घरी काय करतो हे गेटबाहेर ठेवून यायचं. ही रीत चांगलीच होती, तिच्यामुळे कितीतरी भांडणं मिटली. कुलूपही त्याच रीतीनं गेटबाहेर राहिलं.

आता पुढची गोष्ट. आम्ही दोघंही रिटायर झालो. त्यानंही रिसालीतच घर बांधलं, माझ्या घराच्या मागच्या गल्लीत. माझी बायको गेली. मी मुलाकडे राहतो, माझी नात जुनवानीकडच्या एका कॉलेजात शिकते आणि पोरींच्या फुटबॉल टीममध्ये खेळते. बॅकला खेळते, माझ्याच जागेवर. त्या कॉलेजला कोच पाहिजे होता आणि यानं अर्ज केला. नातीनं उन्हाळ्यात त्याचं शिबिर केलं होतं. तिच्या तोंडी सारखं सर, सर. सर आले तर आम्ही विद्यापीठाच्या टीममध्ये जाऊ, सर आले तर असं, सर आले तर तसं.

कॉलेजचा क्रीडाधिकारी माझ्या जुन्या क्रूमधल्या एका माणसाचा मुलगा. तो घरी आला.

"काका, बस दोन शब्द सांगून द्या प्रिन्सिपल साहेबासमोर. तुमी त्याच्या बाजूले राह्यले, हाताखाली खेळले. जुना माणूस बोलला की झालं."

हीसुद्धा कारखान्याचीच पद्धत. नवा माणूस क्रूमध्ये घ्यायचा तर कोणी जुना पुढे होऊन म्हणायचा, हा माझा माणूस आहे. मग त्याचं बरंवाईट त्या जुन्याच्या माथ्यावर. सर्टिफिकिटं कोण पाहतो? मी आयुष्यात थोड्याच लोकांसाठी असं म्हटलं, आणि एकही वाया गेला नाही. याची मला घमेंड आहे, असू द्या.

धुतलेला शर्ट घालून मी गेलो. एसीची खोली, प्रिन्सिपल, हा क्रीडाधिकारी आणि पोरींच्या हॉस्टेलची एक मॅडम. प्रिन्सिपल हसून म्हणाला, "बोलिए अंकल, कैसे कोच हैं?"

मी म्हटलं, "कोच पहिल्या नंबरचा. यापेक्षा चांगला तुमाले भेटणार नाही."

क्रीडाधिकारी खुश झाला. तिथंच थांबलो असतो तर चहा पिऊन घरी आलो असतो. पण तो म्हणाला, "म्हणजे काका, तुमचा माणूस समजायचा ना?" आणि माझ्या तोंडून ते निघेना. कानात ती बंद घरातली शिट्टी वाजली, अगदी आत्ता वाजावी तशी.

"नाही," मी म्हटलं. "माझा माणूस नाही. तो बायकोले कुलपात ठेवते."

प्रिन्सिपलनं क्रीडाधिकाऱ्याकडे पाहिलं. मग प्रिन्सिपल, "अंकल, ये तो घरेलू बात हुई. हमें तो मैदान से मतलब है." अगदी आमच्या गेटची रीत, फक्त एसीमध्ये बसून सांगितलेली. आणि ती ऐकताना मला पहिल्यांदा तिचा राग आला.

मी म्हटलं, "साहेब, आमच्या टीममध्ये पोट्टे होते. तुमच्या टीममध्ये पोट्ट्या आहेत. उद्या एखादीनं त्याले नाही म्हटलं, त तो काय करन, तुमी सांगू शकता का?"

मॅडमनं विचारलं, "आता पण ठेवतात? या वयात?"

"आता पण. रोज फिरायले जातो तेव्हा पाह्यतो. तो दूध आणायले गेला असते, जाळीच्या दाराले कुलूप आणि आत पंखा फिरत असते."

मॅडमनं समोरचे कागद बंद केले. क्रीडाधिकारी मला गेटपर्यंत सोडायला आला आणि तिथूनच मागे वळला.

दुसराच कोणी लागला. जवान, टी-शर्टवाला, मैदानावर मोबाईल पाहणारा. पोरी पहिल्याच सामन्यात घाण हरल्या. माझं नाव कोणी सांगितलं कोणास ठाऊक, पण नातीला कळलं. ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"आबाजी, मले सरासोबत लग्न करायचं होतं का? ते आपल्या घरी राहायले येणार होते का?"

"तुले नाही समजणार."

"त समजवा ना! ते कोणाले एक शब्द उलटा बोलले नाही आजपर्यंत. आणि तुमीच त म्हणत होते, असा कोच पाह्यला नाही."

"म्हणत होतो. आताही म्हणतो."

"मग?"

"मग काही नाही. मी सांगितलं ते खरं होतं."

ती मला ताट वाढायची बंद झाली. सून वाढायची. मी म्हटलं, न वाढू दे. माणसानं खरं बोलावं आणि वर ताटाची आशा ठेवावी, असं नाही. आतून मात्र मला एकच समाधान होतं. की वहिनीच्या बाजूनं, इतक्या वर्षांनंतर, कोणीतरी बोललं. लाइनीतला एक तरी गडी बोलला.

थोड्याच दिवसांनी मी त्या गल्लीतून जात होतो. "भाऊजी," अशी हाक आली. मी थांबलो. खिडकीच्या जाळीमागे वहिनी. केस सगळे पांढरे झालेले. माझी बायको असताना ती तिच्याशी बोले, माझ्याशी कधी बोललेली नव्हती.

"ते दाढी करायले गेले आहेत, लवकर बोलते," ती म्हणाली. "कॉलेजात तुमीच सांगितलं ना?"

मी जरा ताठ झालो. "हो वहिनी. मीच सांगितलं."

"कावून सांगितलं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ते कुलूप, वहिनी... आमी इतके वर्ष पाह्यलं..."

"कुलपाचं मले सांगता?" तिचा आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं. "कुलूप काही बोलत नाही, भाऊजी. काही विचारत नाही. ते ड्यूटीवर जात, मॅचले जात, तेव्हा हे घर माझं राहे. मी गाणं म्हणे. पलंग इकडचा तिकडे करून पाहे, मग ते यायच्या आधी परत लावून ठेवे. तुमच्या मंडळीनं दिलेली वाटी खिडकीत ठेवून तिच्यासंगच बोले. तेवढं होतं मले. रिटायर झाल्यापासून, उन्हाळ्याचं शिबिर सोडलं त, ते घरीच आहेत. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतात. भाजी कावून कापली, अशी कावून कापली, कोणासाठी कापली. ही नोकरी लागली असती त सकाळी गेले असते आणि संध्याकाळी आले असते. मी नवस बोलून ठेवला होता."

मी जाळी धरली. म्हटलं, "पोलिसात जाऊ. नाही त मी तुमाले तुमच्या भावाकडे नेऊन सोडतो. आज. आत्ता."

"भाऊ गेला. वहिनी मले ओळखत नाही."

"मग माझ्या घरी चला. सून आहे, नात आहे."

ती हसली. म्हणाली, "या वयात तुमच्या घरी? आणि मग त्याईचे कपडे कोण धुवन, हेच पुसायले ते तुमच्या दारात येतील. मले सोडवू नका, भाऊजी. आता ते होत नाही माझ्याच्यानं. त्याईले थोडं घराबाहेर काढत जा. बस. तेवढं करून द्या."

गल्लीच्या तोंडाशी त्याची सायकल वळली आणि ती खिडकीतून नाहीशी झाली. मी चालत घरी आलो आणि पायरीवर बसून राहिलो. नात येऊन पाहून गेली.

मला विचाराल तर आजही मी तेच सांगेन. असल्या माणसाच्या हाती पोरी द्यायच्या नाहीत, तो कितीही मोठा कोच असो. प्रिन्सिपलनं परत बोलावलं तर परत जाऊन सांगेन. त्यात माझा शब्द फिरणार नाही. पण कोणाला नोकरी नाही म्हणून सांगितलं की तो माणूस नाहीसा होत नाही, कुठेतरी जातोच. हा घरी गेला. मी पाठवला. हे माझ्या डोक्यात आधी कावून आलं नाही, ते मला समजत नाही, आणि हल्ली झोप लागता लागता ती पांढऱ्या केसांची खिडकी पुढे येते.

वहिनी बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याची घंटी वाजवली. त्यानं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय भाऊ? अजून कोणाले काही सांगायचं राह्यलं का?"

"पोट्ट्यायची टीम रद्दी झाली. चला, मैदानावर पाहू."

"तुमीच पाहा. तुमीच त सगळं पाह्यता."

दार बंद झालं. मी त्याच्या पुढच्या दिवशी गेलो. त्याच्या पुढच्याही. त्यानं मला म्हातारचळ लागल्याचं गल्लीला ऐकवलं. मी ऐकून घेतलं. आयुष्यात कोणाचं ऐकून न घेतलेला माणूस मी, पण तिथं गोठ्यातल्या बैलासारखा उभा राहिलो. शेवटी एका दिवशी तो चिडून म्हणाला, "चला बावा, एकदाचे चला!" त्यानं दार ओढलं आणि कुलूप लावलं. मी रस्त्याकडे तोंड करून उभा होतो. मागून किल्ली फिरल्याचा आवाज आला. तो ऐकून मला बरं वाटलं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तेव्हापासून आम्ही रोज जातो. मैदानाच्या कडेला सिमेंटच्या बाकावर बसतो. मी त्याच्याशी बोलत नाही, तोच बोलतो. नवा कोच मोबाईल पाहतो आणि हा बाकावरून पोरी वाचतो. कोणती थकली, कोणती थकल्याचं सोंग करते. माझ्या नातीकडे बोट करून म्हणाला, "तुमची पोट्टी बॉल यायच्या आधीच मागं सरकते. एक पाऊल पुढं ये म्हणा तिले." मी घरी येऊन तिला सांगितलं. कोणी सांगितलं ते सांगितलं नाही. तिनं ऐकलं, तिचा खेळ सुधारला, आणि ताट ती परत वाढायला लागली. ते ताट घशाखाली उतरायला मला वेळ लागतो.

काल अंधार पडायला आला. पोरी पिशव्या उचलून निघाल्या. तो गुडघ्यावर हात ठेवून उठला.

"चला भाऊ. संपलं."

"बसा थोडं," मी म्हटलं. पलीकडच्या कोपऱ्यात दोन लहान पोरं फाटक्या बॉलला लाथा मारत होती. "ते पाहा. तो डावा पाय चांगला आहे त्याचा."

"कोणाचा डावा पाय? त्याले धड उभं राहता येत नाही."

"तुमी पाहा त. बसा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग शिवी घातली आणि बसला. मी त्या पोरांकडे पाहत राहिलो, आणि देवाला म्हटलं, यांच्या आईनं यांना आणखी थोडा वेळ हाक मारू नये.