आंब्यावरचं दगडफूल

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम आंब्याच्या खोडावरचं दगडफूल दाखवताना आवाज खाली आणत. दरवर्षी त्याच करड्या चकत्यांभोवती दोरा धरून मुलींकडून वाढ मोजून घेत.

"मॅडम, मसाल्यात टाकू का?" सेलूची एक मुलगी चिडवायची.

"नख लावू नको वं! त्याले एवढं व्हायले तुह्यं सारं वय लागलं."

पार्किंगसाठी तो आंबा तोडायच्या कागदावर प्राचार्य म्हणून मी सही केली. आंबा पडला त्या दुपारी मॅडम दगडफुलासकट त्याची साल सुतळीनं शेजारच्या कडुलिंबाला बांधत होत्या.

"जगेल का?" मी विचारलं.

"नाई जगत, सर. हे टोक धरता का जरा?"

मी ते धरून उभा राहिलो.