भिकनच्या कानातली मोटर

छायामावशी आता हसत कबूल करतात, पण सुरतेतल्या बमरोलीत त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आलेल्या भिकनने घरात चोरून कापडाचा लूम बसवलाय, अशी वरची घरघर ऐकून त्यांची पक्की खात्री होती. भरदुपारी पदर खोचून त्या भांडायला वर गेल्या. आत लूम कुठला! एक लोखंडी पत्रा, त्याला चिकटवलेला माइक, जुना लॅपटॉप आणि त्यापुढे सत्यनारायणाला बसल्यासारखे भिकन आणि त्याचा मित्र प्रशांत.

"काय करू राहिले रे?"

"गाणं, मावशी."

"मग गातंय कोण?"

"पत्रा," प्रशांत म्हणाला.

भिकन लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, फिटर; प्रशांत सचिन औद्योगिक वसाहतीत वेल्डर. दोघांच्या बँडचं नाव 'धोटा', मागात सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो. पहिला कार्यक्रम सुरतेतच, पर्वत पाटिया भागात, कापडाच्या गोडाऊनवरच्या हॉलमध्ये. मावशी पहिल्या रांगेत, कानात कापूस घालून. आधी नुसती घरघर. मग ती तळपायातून पोटात चढली, आणि निम्मे लोक चपला शोधायला लागले. उरलेले मात्र जागचे हलेनात. त्यांच्यातल्याच कुणी बडोद्याला बोलावलं, मग पुण्याला. "तिकीट काढून भितात लोकं," मावशी सांगत सुटल्या, "आम्ही मेले फुकटात भितो."

पुढे भिकन हाक मारली तरी वळेना. खात्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या खडखडाटात सगळेच ओठ बघून आणि हातवारे करून बोलतात. कळलं ते त्याच्या बायकोला, सुषमाला. तिने पाठ फिरवली की तो उत्तरच देत नव्हता. डॉक्टर म्हणाले, उजवा कान गेला. डाव्यात जो आवाज घुमतोय तो बाहेर नाही, आतच आहे, आणि तो थांबणार नाही.

तर या पठ्ठ्याने तो आवाज लॅपटॉपवर हुबेहूब जुळवला आणि घरात लावला. बारीक, सरळ, न संपणारा.

"बंद कर बाबा," मावशी म्हणाल्या.

"तुमचा बंद होतो," भिकन म्हणाला.

सुषमाने अट घातली: आतला आवाज कुठला नि बाहेरचा कुठला हे ज्या दिवशी कळेनासं होईल, त्या दिवशी धोटा बंद. भिकनने मान डोलावली.

परवा मावशी आणि हे नवराबायको चहा पीत बसले होते. भिकन एकदम म्हणाला, "पाण्याची मोटर चालू आहे."

"मघाशीच बंद केली मी," सुषमा म्हणाली.

"चालू आहे."

सुषमाने कप खाली ठेवला. मावशींनी कान टवकारले, काही नाही. "कानातली असेल गं त्याच्या," त्या हळूच म्हणाल्या. ओठ वाचणाऱ्यासमोर हळू बोलून काय उपयोग? सुषमा लॅपटॉपकडे बघत राहिली, उद्या कुणाला तरी देऊन टाकायचा असल्यासारखी.

भिकन उठला. भिंतीला तळवा टेकवला, मग कपाळ. बराच वेळ तसाच उभा. मावशींना ते बघवेना.

"चालू आहे. आणि आज बंद करायची पाळी तुझी होती."

"अहो, केली म्हणते ना मी..."

तेवढ्यात खिडकीबाहेर टाकीचं पाणी धो धो कोसळलं. खालून पुष्पाबाई आपल्या वाळत घातलेल्या पापडांच्या नावाने ओरडायला लागल्या.

सुषमा उठली. दारातून वळून म्हणाली, "बटण अर्धवट दाबलं गेलं असेल."

"अर्धवट म्हणजे चालूच," भिकन म्हणाला, आणि तिचा उरलेला चहा पिऊन टाकला.