उपरण्याखालचा भाव

बैलबाजारात काल एक हात रिकामाच राहिलेला पाहिला. म्हातारे रामभाऊ दलाल खांद्यावरचं उपरणं हातावर पसरून एका शेतकऱ्यासमोर उभे होते. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. पण शेतकऱ्याने कापडाखाली हात घातलाच नाही. मोबाईल दाखवत तो म्हणाला, "तात्या, ॲपवर गिऱ्हाईक मिळालंय. तिथं भाव सगळ्यांना दिसतो."

मला बरं वाटलं. तीस वर्षांपूर्वी रामभाऊंच्या याच हाताने कापडाखाली माझी बोटं डोळ्यांत पाणी येईपर्यंत पिळली होती आणि माझी पहिली बैलजोडी मातीमोलाने नेली होती.

लोक म्हणतात, धंद्यात ॲप आलं आणि माणुसकी गेली. पण ती कापडाखाली तरी कुठे होती? तिथे अंधार होता, आणि अंधारात ज्याचा पंजा मोठा त्याचाच भाव. मोबाईलच्या काचेला पंजा नाही. ती कुणावर डूखही धरत नाही. तेवढं काम अजून माणसालाच करावं लागतं.

मग रामभाऊ माझ्याकडे आले. "शेठ, तुमचा खोंड मी विकून देऊ का? सकाळपासून भवानी झाली नाही."

"ॲपवर टाकलाय," मी म्हणालो.

उपरणं खांद्यावर टाकून ते बाजाराबाहेर चालू लागले. माझा मोबाईल साधा, बटणांचा आहे. ॲप कसं दिसतं, हे मी त्या शेतकऱ्याच्या हातातच पहिल्यांदा पाहिलं होतं.