पाणी इला काय गो?

मोहन, इकडे ये. असा जवळ बस, उंबऱ्यात उभा राहून बोलू नकोस. आणि ती मान आधी वर कर बघू. तेराव्याला दिसलास तो दिसलास, त्यानंतर या डोंगरावर पाय म्हणून ठेवला नाहीस. खालच्या वाण्याकडून फोन केला, तर सुलभा म्हणते, "मावशी, ते कोणाशी बोलतच नाहीत हो." म्हटलं, बरं, नको बोलूस. पण रविवारची पुरवणी तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोस, हे मला ठाऊक आहे, म्हणून इथेच लिहिते. मी शाळा बघितली नाही, पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं जुळवायला शिकले, तेव्हा काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं.

बाकीच्यांसाठी सांगते. मोहन हा माझ्या शेवंतीचा मुलगा. शेवंती माझी शेजारीण. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या चाळीत दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत, तीसुद्धा पत्र्याची. इकडे मी शिंकले की तिकडून "गो, काढो घे" म्हणून आवाज यायचा. शिमगा तोंडावर आला होता, तेव्हा वाण्याचा माणूस धापा टाकत वर आला. "मुलुंडहून फोन होता. शेवंताबाय गेल्या." मी भाकरी थापत होते. ती तव्यावर टाकली, उलटली, भाजून काढली, आणि मग खाली बसले. हात आपले काम करत राहिले बघा, डोक्याला कळायला वेळ लागला... त्या दिवशी सगळं आटोपल्यावर मोहन माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मावशी, मीच आईला बसवून मारलं." एवढं बोलला आणि तोंड फिरवून निघून गेला. त्याचंच उत्तर द्यायचंय मला.

शेवंती मालवणकडची. नवरा गिरणीत. गिरणीच्या पगारात भागेना म्हणून तिने खाणावळ काढली. आमच्याकडे नळ डोंगराखाली. पहाटे पाणी सुटलं की डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि तोंडाचा पट्टा चालू. चढावर माझा दम जायचा, तिच्या गप्पा तुटायच्या नाहीत. "काय गो, म्हातारी झालंस काय?" म्हणून वर मलाच टोमणा. जेवायला एवढी माणसं, पण कोणाला तिरफळ चालत नाही, कोणाचा सोमवार, कोण रात्रपाळीहून उशिरा येणार, सगळं तिच्या डोक्यात. पाट्यावर वाटण वाटता वाटता ती सांगायची, "आज कदम येवचो नाय, सासरवाडीक गेलोहा." अक्षराची ओळख नाही, पण एकदाही कोणाचं ताट चुकलं नाही. मला तेव्हाही वाटायचं, ही बाई पायांनी आठवते. हिला एका जागी बसवून विचारलं तर निम्मं विसरेल.

मोहन शिकला, सरकारी नोकरीत लागला. लहानपणी आईच्या मानेवर हंड्याने पडलेला घट्टा त्याने बघितला होता. मुलुंडला लिफ्टवाल्या इमारतीत जागा घेतली, तेव्हा साऱ्या चाळीसमोर म्हणाला, "आईच्या डोक्यावर यापुढे पाण्याचा थेंब चढणार नाही." आम्ही बायका डोळे पुसत होतो. कोणाला असा मुलगा मिळतो? निघताना शेवंतीने तिचा पितळी हंडा माझ्या दारात ठेवला. काठाला पोचा आलेला, तोच. "ठेव तुका. थंय नळ चुलीकडेच आसा."

तिथे गॅलरीत तिच्यासाठी वेताची खुर्ची. समोर टीव्ही. गॅसला हात लावायचा नाही, भाजेल. जिना उतरायचा नाही, पडेल. सून सुलभा गुणाची पोर, ताटसुद्धा खुर्चीपाशी आणून द्यायची. आपल्यात मान देणं म्हणजे हेच ना? म्हातारं माणूस बसून खातंय, म्हणजे मुलाने नाव काढलं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी विचारलं, "काय गं, मजा आहे ना?" म्हणाली, "मजा आसा गो. पण बसान बसान पाय आंबले." दोघी हसलो. पुढच्या खेपेला एकच गोष्ट तिने तीनदा सांगितली. त्यापुढच्या खेपेला मला ओळखलं, पण सारखी गॅलरीतून खाली वाकून विचारत होती, "पाणी इला काय गो?" नळ आत धो धो वाहत होता. आणि एका संध्याकाळी मोहन ऑफिसातून आला, चपला काढत होता, तर तिने माझ्या कानाशी लागून हळूच विचारलं, "हो झील कोणाचो गो?" हा मुलगा कोणाचा म्हणून... त्याने ऐकलं. एक चप्पल पायात तशीच ठेवून तो जिन्यात जाऊन बसला. मी मागे गेले तर म्हणाला, "सगळं दिलं ना मावशी तिला? काय कमी पडलं?"

डॉक्टरांनी तपासलं. भला माणूस, उगाच मोठेपणा नाही. म्हणाले, "हा आजार कशाने होतो ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. बरा होईल असं मी म्हणणार नाही. पण त्यांना बसवून ठेवू नका. चालू द्या, चार माणसांत मिसळू द्या, घरात काम करू द्या. हातपाय हलले की डोकंही जागं राहतं." मोहनला ते पटेना. आईला काम लावायचं? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, "लोक गेले खड्ड्यात. गौरीला तिला आमच्याकडे आण."

आला घेऊन. चढावर तिचा हात धरून, थांबत थांबत. चाळीत गौर बसलेली, बायकांच्या फुगड्या चाललेल्या. शेवंती भिंतीला टेकून बसली, नजर कुठेतरी लांब. मी तिच्यासमोर जाऊन दोन्ही हात पुढे केले. "ऊठ गं शेवंते. म्हातारी झालंस काय?" तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग हात दिले. आधी पाय अडखळले, मग टाचा जमिनीवर वाजायला लागल्या, आणि मग बाई माझ्या गं, तिने मलाच फिरवलं! तोंडाने फू फू चालू, पदर कमरेला. मीच "पुरे, पुरे" म्हणून ओरडले. घामाघूम होऊन ती थांबली, दाराशी मोहन उभा होता त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मोहन्या, जेवलंस काय रे?"

त्या पोराने उभ्याउभ्या तोंडावर रुमाल धरला.

त्यानंतर मोहनने घरात उलथापालथ केली. सकाळी स्वतः तिला भाजीबाजारापर्यंत चालवत नेई. तांदूळ निवडायचे, कणीक तिंबायची, मेथी खुडायची, सगळं तिच्याकडे. रविवारी आमच्याकडे. खोटं कशाला बोलू, जुनी शेवंती परत आली नाही. महिने, सण, माणसं, एकेक करत निसटतच होतं. बाजारातून येताना जी असायची ती दुपारी झोपून उठल्यावर नसायची. पण पुढची गौर येऊन गेली तरी मोहनला ती मोहनच म्हणत होती. मग थंडीत न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला आणि अंथरूण धरलं. तिथून मात्र भराभर उतरण लागली...

मी शेवटची भेटले तेव्हा डोळे मिटलेले. हाक मारली, ओ नाही. काय सुचलं कोण जाणे, मी खाटेच्या काठावर फुगडीचा ठेका धरला, हळूच, बोटांनी. चादरीखाली तिचा चांगला पाय हलला. अंगठा, मग चवडा. अगदी ठेक्यात. सुलभा म्हणाली, "मावशी, बघा!" मी म्हटलं, "बघतेय गं." आणि माझा ठेकाच चुकला.

तेव्हा मोहन, हे ऐक. तू बसवलंस ते मानेवरचा घट्टा बघून बसवलंस. आम्ही सगळ्यांनी तुझं कौतुकच केलं, एकीनेही अडवलं नाही. आणि उठवलंस तेही तूच. लोकांची पर्वा न करता भर बाजारातून आईला हाताला धरून चालवलंस, म्हणून पुढची गौर येऊन गेली तरी तिला मुलगा होता. आता तू स्वतः त्या वेताच्या खुर्चीत बसून असतोस, असं सुलभा सांगते. ऑफिसातून आलास की तिथेच, दिवासुद्धा न लावता. हे मात्र मी चालवून घेणार नाही.

हंडा माझ्या दाराशी आहे. पहाटे पाणी सुटलं की अजून माझ्या तोंडून जातं, "शेवंते, पाणी आलं गं!" पत्र्यापलीकडे आता दुसरे भाडेकरू आहेत, ते काही म्हणत नाहीत, समजूतदार आहेत बिचारे. मला तो भरलेला हंडा आता उचलवत नाही. मी कळशी घेईन, हंडा तू घे. पहाटेच ये, पायी चढून ये. चहा मी वर आल्यावर देणार, आधी नाही. लवकर ये रे बाबा.