जितं म्हणून ठेवलेलं अंडं

प्रयोगशाळेतलं अंडी उबवायचं यंत्र सकाळी अकराला बंद पडलं. आत चंदगडहून मागवलेली बारा गावरान अंडी होती, तीन दिवस उबवलेली. कोंबडीच्या गर्भात पंख आणि पाय घडवणारं एक जनुक नेमकं कुठे जागं होतं, ते मला जांभळ्या रंगाने दाखवायचं होतं. तेच जनुक माशाचे पर घडवतं आणि आपले हातही. माशाचं काम झालं होतं, कोंबडीचं राहिलं होतं. रंगवायचं द्रव्य एकाच खेपेपुरतं उरलेलं, पीएचडीची मुदत संपत आलेली. मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं, "सहा गर्भ तरी हवेत. पाचांवर मी सही करणार नाही."

मंगळवार पेठेत आत्याची कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली होती. दिवाळीलासुद्धा मी तिकडे फिरकले नव्हते, पण अडला हरी! अंडी कापसात गुंडाळून रिक्षात बसले आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्यावर खेकसले.

"ठेव की," आत्या म्हणाली. "पर उद्या सगळी उचलायची न्हाईत. एक जितं तिच्याखाली ऱ्हाऊ दे. न्हाईतर झुरती ती."

मी हो म्हटलं. त्या घडीला मी कशालाही हो म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी अंडी काढताना कोंबडीने माझं मनगट फोडलं. जिन्याखालच्या अंधारात एकेक अंडं मोबाइलच्या उजेडावर धरलं. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, मेलेल्यात नुसतं रक्ताचं कडं. जिवंत निघाली सहा. पुन्हा पाहिली, तरी सहाच. मला आत्याचा राग आला, कोंबडीचा आला. एका कोंबडीपायी पाच वर्षं पाण्यात घालायची? सहाही डब्यात भरली आणि एक मेलेलं तिच्याखाली सरकवलं.

"जितं हाय न्हवं?" आत्याने विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

प्रयोगशाळेत गर्भ रंगवल्यावर पंखाच्या कोंभाच्या मागच्या कडेला जांभळा ठिपका उमटला, माशाच्या पराला उमटला होता तिथेच. मला रडू आलं. बाईंनी सही केली. आत्याकडे जायचं मात्र मी तीन आठवडे टाळलं. गरज सरो, वैद्य मरो, हे मला तेव्हा चांगलंच लागू होतं.

शेवटी पेढे घेऊन गेले. जिन्याखाली कुजका वास मारत होता. कोंबडी अजून बसलेलीच होती, पार हाडकली होती.

"आत्या, ते अंडं..."

"ठावं हाय. तू गेलीस त्याच सांजंला उजेडाला धरलं की मी."

"मग काढलं का नाहीस?"

"दोनदा काढलं. मोकळ्या जाग्यावर बसून वरडाय लागली, म्हणून परत ठेवलं." तिने पेढ्यांच्या पुड्याला हातही लावला नाही. "मला तू जितं हाय म्हणालीस. आता तिला काय सांगायचं, ते तूच सांग."