तुळसामावशीचा अंगठा

तार आली तेव्हा मी शिकवते त्या अमरावतीच्या शाळेत सातवीचा शेवटचा पेपर आटोपला होता आणि पोरी मागच्या अंगणात चिंचा पाडत होत्या. शिपायानं कागद हातात दिला. तारेत काय असतं हे अमरावतीत काय न् अकोल्यात काय, सगळ्यांना ठाऊक. उघडायच्या आधीच मी पायरीवर बसले. तुळसामावशी गेली होती. चारच दिवसांपूर्वी मी तिच्या खाटेशी बसून आले होते. अर्धांगानं तिची वाचा गेलेली, उजवं अंग लुळं पडलेलं, डोळे मात्र तेच, मिस्कील. माझा पाय निघत नव्हता आणि इकडे माझ्या पोरींची परीक्षा तोंडावर. शेवटी मी तिलाच विचारलं, "मावशे, राहू का जाऊ?" तिनं गोधडीतून डावा हात काढला आणि अंगठा वर केला. मी निघाले... आता तो अंगठा मी बरोबर वाचला की चुकीचा, हे तिला विचारायची सोय उरली नाही. तारेनंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यात हाच एक किडा वळवळत होता.

वाचणारे म्हणतील, अंगठा दाखवला म्हणजे ठेंगा दाखवला, त्यात न समजण्यासारखं काय? म्हातारीनं 'जाऊ नको' म्हटलं आणि ही शहाणी बिस्तरा उचलून चालती झाली! म्हणून सगळी हकीकत मुळापासून सांगणं भाग आहे.

आम्ही राहायचो अकोल्याच्या जुन्या शहरात. मोर्णेचा पूल ओलांडला की पलीकडे आमचा जिन. कापसातून सरकी काढायचा कारखाना म्हणजे जिन, एवढं वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. दिवाळी झाली की तो सुरू होई आणि उन्हाळ्यापर्यंत चाले. लांबच लांब खोलीत यंत्रांच्या दोन रांगा आणि एकेका यंत्रापुढे एकेक बाई, दोन्ही हातांनी कापूस भरणारी. माझी माय त्यातलीच. माझे वडील मी पाळण्यात असतानाच गेले होते. मायच्या शेजारच्या यंत्रावर तुळसामावशी. ती जातीची माळीण. नवऱ्याचा नदीकाठी टीचभर मळा होता, त्यात दोघांचं भागत नसे म्हणून हंगामात ती जिनात येई. मावशी माझी सख्खी नव्हे, पण मायच्या सख्ख्या बहिणी लग्नकार्याला दिसायच्या आणि ही रोज दिसायची. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की कुजबुजली तरी तीन घरं ऐकत. तिला खोटं बोलता येत नसे आणि गोडही बोलता येत नसे. माझं नाव यमुना, पण तिच्या तोंडी मी शेवटपर्यंत 'यमे'च.

त्या खोलीत आवाज एवढा की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून बायकांनी हातांची बोली काढली होती. ती कोणी शिकवली कोण जाणे, पण मी भाकर घेऊन जायची तेव्हा दारात उभी राहून तासभर बघायची. कान धरला की मुकादम येतोय. नाकाला हात लावला की मुकादम चिडलाय. दोन्ही मनगटं छातीशी एकमेकांवर आडवी धरली की पट्टा काढा, यंत्र थांबवा. ही खूण यंत्रांना तेल घालणाऱ्या, पट्टा काढणाऱ्या दूरच्या तेलवाल्यालाही चुकून चुकीची दिसता कामा नये, म्हणून ती दोन हातांची. आणि अंगठा वर म्हणजे 'चालू दे'. सगळं ठीक आहे, थांबायचं काम नाही. अंगठाच का, तर दोन्ही हात कापसानं भरलेले, सारी बोटं अडकलेली, मोकळा काय तो अंगठा. बाहेरच्या जगात अंगठा दाखवला तर मारामारी होते. आमच्या जिनात दिवसातून शंभरदा सगळ्या बाया एकमेकींना अंगठा दाखवत आणि सुखानं नांदत.

मग मंदी आली. कापसाला कोणी विचारेना. आधी एक पाळी बंद झाली, मग आठवड्यातले दिवस कमी झाले आणि एका दिवाळीला भोंगा वाजलाच नाही. 'यंदा नाही तर पुढल्या साली वाजेल,' असं लोक म्हणत राहिले. पुढल्या सालीही वाजला नाही. एका जिनाचा प्रश्न असता तर निभावलं असतं, पण एकामागून एक धुराडी थंड पडली. पहाटेपासून कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागायच्या, त्या रस्त्यावर शेळ्या बसू लागल्या. खानावळवाला गेला. लिंबाखालचा न्हावी आपल्या गावी गेला. भोंग्यावर उठणारी, भोंग्यावर जेवणारी माणसं. ती वेळच विसरली. कधी दहालाच जेवत, कधी जेवतच नसत. आमच्या गल्लीत नऊ घरांना कुलपं लागली. कोणी नागपूरला गिरणीत गेलं, कोणी मुंबईला, कोणी कुठं गेलं ते कळलंच नाही. एका वस्तीचं एवढं वाटोळं व्हायला भूकंप लागत नाही हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

मायनंही नागपूरला जायचं ठरवलं. मी सातवीत होते, फायनलच्या परीक्षेला सहा महिने उरले होते. आमच्या गल्लीतून फायनलला बसणारी मी पहिली पोरगी. ती परीक्षा झाली असती तर मास्तरीण होण्याची वाट उघडणार होती, नाही तर नागपूरच्या गिरणीत मायच्या शेजारचं यंत्र माझी वाट पाहतच होतं. मी रडून गोंधळ घातला. माय म्हणाली, शिकून का खातीस? तिचंही खरं होतं, चूल परीक्षेवर पेटत नाही. त्या दिवशी मावशी आमच्या दारात येऊन बसली आणि तिनं मायला एकच वाक्य ऐकवलं.

"पोट्टीची परीक्षा होऊ दे, मंग कुठं जायचं तिथं जा, तवरक मी पाहून घेतो तुमाले."

कशाच्या जिवावर आम्हाला सांभाळणार होती? तर बंद पडलेल्या जिनाच्या आवारावर. पावसाळ्यात फाटकातून डोकावताना तिनं पाहिलं होतं की सांडलेली सरकी आपोआप उगवून सगळं आवार कपाशीनं भरलंय, कमरेएवढं तरोट्याचं तण माजलंय. दुसऱ्या कोणाला त्यात उजाड कारखाना दिसला असता. माळणीला दिसली जमीन. तिचं म्हणणं, इतकी वर्षं हजारो बैल इथं उभे राहिले, शेण तुडवलं, सरकी कुजली. असलं खत घातलेली जमीन जुन्या शहरात पाटलाच्या बापाकडे नाही. शिवाय एंजिनाला पाणी द्यायला खणलेली विहीर होतीच, बारमाही. फक्त मालकाच्या मुनीमजींची परवानगी हवी होती.

मुनीमजींकडे माय, मावशी आणि मी अशा तिघी गेलो. माणूस कडक, पण भला. भाजी लावायची कल्पना त्यांना पटत आली होती. त्यांनी विचारलं, यंत्रांना हात लागणार नाही, फाटक सांभाळाल, जमेल का? आणि मावशीनं, दहा वर्षांच्या सवयीनं, तोंडातून शब्द न काढता त्यांच्या नाकासमोर अंगठा वर केला. झालं! मुनीमजींचा चेहरा लालबुंद. "मला ठेंगा दाखवतेस?" म्हणत त्यांनी आम्हाला पेढीबाहेर काढलं. बाहेर आल्यावर माय मावशीवर अशी तडकली की काही विचारू नका. मावशीला तर आपण काय केलं हेच समजेना. पुन्हा पुन्हा म्हणे, "मी त हो म्हनलं त्याले!" मला हसू यावं की रडू, कळत नव्हतं. माझी फायनल त्या एका अंगठ्यावर लटकली होती.

आमच्या तिघींत लिहिता येणारी मी एकटी. मी वहीचं पान फाडून अर्ज लिहिला. 'रा. रा. मुनीमजी यांचे सेवेशी' वगैरे शाळेत शिकवलेलं सगळं घातलं आणि पुढं लिहिलं की अंगठा वर म्हणजे होय, ही आमच्या जिनातली रीत आहे, त्यात अपमान नाही. खात्री करायची असल्यास जिनात यावं, सगळं दाखवू. खाली सहीच्या जागी मावशीचा अंगठा घेतला, कारण ती अंगठेबहाद्दर. अंगठ्याबद्दलची माफी अंगठ्यानंच मागितलेली बघून मुनीमजी पोट धरधरून हसले, असं पुढं त्यांच्या नोकरानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते खरंच किल्ली घेऊन आले. मावशी बंद यंत्रापुढे आपल्या जागेवर बसली, दोन्ही हातांत गवताच्या पेंढ्या धरल्या आणि एकेक खूण करून दाखवली. एवढी मोठी खोली, चिटपाखरू नाही, आणि ती तिथं बसून हातांनी बोलतेय... जाताना मुनीमजींनी फाटकाची किल्ली मावशीच्या हातात ठेवली आणि स्वतः अंगठा वर करून दाखवला.

ते सहा महिने आम्ही वांगी, मेथी, चवळी आणि सांबार यांवर काढले. सांबार म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो. गल्लीत उरलेल्या चार बायाही येऊ लागल्या. पहाटे तोडणी, मग टोपल्या घेऊन पुलावरून जुन्या शहराच्या बाजारात. मी विहिरीच्या कठड्यावर बसून इतिहासाची पाठांतरं करायची. थांबले की वाफ्यातून मावशीचा अंगठा वर यायचा. तिला पाठांतरातलं ओ की ठो कळत नसे, पण मी थांबले हे बरोबर कळे. मी पास झाले, मास्तरिणी घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलला अमरावतीस आले, मास्तरीण झाले. माय नागपूरला गेली नाही. आवारातल्या वाफ्यांतच तिचे शेवटचे दिवस गेले, आणि बरे गेले. पुढं यंत्रं विकली, गाड्यांवर घालून स्टेशनाकडे नेली, तेव्हा मावशी फाटकात उभी राहून प्रत्येक गाडीकडे बघत होती. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र यंत्रं उचललेल्या रिकाम्या खोलीत भाजीच्या जुड्या बांधायला बसली. म्हणाली, सावली बेस हाय इथं. गल्ली पहिल्यासारखी पुन्हा कधी झाली नाही, ते खोटं कशाला सांगू? पण आवारातली भाजी बारा महिने चालू राहिली आणि मावशी तिथं मजेत म्हातारी झाली.

तिचा अंगठा मला मात्र चांगलाच लागला. वर्गात एखादी पोरगी कविता म्हणताना अडखळली की माझा अंगठा आपोआप वर जातो. राजापेठेतल्या एका पालकांनी हेडबाईंकडे तक्रार केली होती की तुमच्या मास्तरीणबाई आमच्या मुलीला ठेंगा दाखवतात. हेडबाईंनी मला बोलावलं, मी सगळी कथा सांगितली. आता त्याही दाखवतात.

आता मूळ गोष्टीकडे येते. अंगठा म्हणजे 'चालू दे', हे मला ठाऊकच होतं. म्हणून मी निघाले. पण बडनेऱ्याला गाडी बदलताना मनात आलं, थांब म्हणायला तर दोन हात लागतात! मावशीचा एक हात मेलेला. तिला 'थांब, जाऊ नको' म्हणायचं असतं तर म्हणणार कशी? तिच्यापाशी शब्दच एक उरला होता, तो तिनं दिला असेल आणि मी सोयीचा अर्थ काढून पळाले असेन... तार आल्यापासून हे मला जेवू देत नव्हतं. मी मायपेक्षा जास्त जिच्या जिवावर उभी राहिले, तिला शेवटच्या घडीला टाकून आले की काय, एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

तेरवीला अकोल्याला गेले. जेवणं आवारातच झाली, त्या लांब खोलीत. दुपारी पंगती उठल्यावर मावशीची सून कमळा माझ्याजवळ टेकली आणि शेवटच्या दिवसांचं सांगू लागली. तिचं लग्न होऊन तीनच वर्षं झाली. जिन तिनं चालू पाहिलेला नाही, तिथली बोली तिला ठाऊक नाही. ती सहज बोलून गेली.

"बुढी शेवटपर्यंत हुशार होती, ताई. पेज पुरे झाली का डाव्या हातानं उजवा हात उचले, छातीवर आणून ठेवे, अन् त्याच्यावर डावा आडवा टाके. खाटेला लागली तवापासून रोज तसंच. मले वाटे, हात दुखून राहिला."

मी तिला पुन्हा करून दाखवायला लावलं. तिनं मनगटावर मनगट आडवं धरलं. पट्टा काढा... मी त्या पोरीचे दोन्ही हात धरून ढसाढसा रडले, आणि रडता रडता हसायला लागले. ती बिचारी घाबरली. मेलेला हात जित्या हातानं उचलून मावशी रोज 'थांब' म्हणत होती. मला म्हणायचं असतं तर म्हणालीच असती. तिनं मला अंगठाच दाखवला होता, आणि त्याचा अर्थ तोच होता जो विहिरीच्या कठड्यावर होता. मी कमळाला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि आपलाच अंगठा उलटसुलट करून पाहत राहिली.

ऊन उतरल्यावर मी उष्ट्या पत्रावळींचा ढीग दोन्ही हातांत धरून बाहेर टाकायला निघाले. कमळा वाफ्यात उभी होती. तेरा दिवसांच्या गडबडीत मेथीनं माना टाकल्या होत्या. ती तिथूनच ओरडली, "ताई, आज पानी देऊ का मेथीले?" आजच्या दिवशी चालेल की नाही, या विचारात ती पडली असावी. माझे हात भरलेले होते. मी अंगठा वर केला.

तिनं काही विचारलं नाही. पदर खोचला आणि विहिरीकडे गेली.