धमनीला फुंकर

डायलिसिसहून घरी आलं की दिगंबररावांना अशी झापड येते की चपला काढायचंसुद्धा भान राहत नाही. हातावरची पट्टी घरी गेल्या गेल्या सोडा, असं सिस्टरनं बजावलेलं. कोण सोडतंय! उलट रिक्षात रक्त ओघळलं म्हणून त्यांनी गाठ दातांनी ओढून आणखी आवळलीय. त्याच हातात डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलाय. पट्टीनं आवळून तो बंद पडला, तर दुसरा करायला अंगात धड नस उरलेली नाही. बायको, शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या इंदुमतीबाई, होत्या तेव्हा रोज सकाळी तिथं कान लावायच्या, आतली घरघर ऐकायच्या, "चालू आहे हो" म्हणायच्या आणि मगच चहा टाकायच्या. त्या गेल्यापासून तिथं कुणी कान लावत नाही. दिगंबररावसुद्धा नाही.

डोळा लागतो न लागतो तोच खडू वाजतो.

इंदुमतीबाई संस्कृतच्या तासाला उभ्या आहेत. बाकावर दिगंबरराव एकटेच. फळ्यावर एकच शब्द आहे, धमनी.

"अहो, अर्थ सांगा."

"रक्ताची नळी."

"ते आत्ताचं झालं. मुळात काय?"

"इंदू, मेल्यावरही परीक्षा घेतेस होय गं?"

"ध्मा म्हणजे फुंकणं. धमनी म्हणजे फुंकायची नळी. कुणीतरी कधी हातावर बोट ठेवलं असेल, आतून कुणी फुंकतंय असं वाटलं असेल."

फळा काळा, चूलही काळी. बाई चुलीपुढे बसल्यात, निखारे विझत चाललेत. त्या फुंकणी पुढे करतात.

"फुंका."

दिगंबरराव गाल फुगवून फुंकतात. पलीकडून वाराच येत नाही. पुन्हा फुंकतात. निखारा राखाडी होतो.

"नळी आवळली कुणी?" बाईंचा आवाज चढतो.

"राहू दे गं. विझू दे. मला तुझ्याकडेच यायचंय."

"काही नको! हात इकडे करा आधी."

थंडगार बोटं मनगटाच्या वर गाठ शोधू लागतात.

दिगंबरराव दचकून उठतात. उन्हं भिंतीवर चढलीत. पायांत चपला तशाच. पण हात मोकळा आहे, आणि उशाशी पट्टी ठेवलेली, बाई रुमालाची करायच्या तशी चौकोनी घडी घालून.

ते घाईघाईनं हाताला कान लावतात. काहीच नाही. अरे देवा! आत्ता नको, एवढ्यात नको, असं ते पुटपुटतात आणि श्वास रोखून धरतात. मग कुठून तरी लांबून, बारीक घरघर येते. वाढते.

दिगंबररावांना रडू फुटतं. रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून ते मोठ्यानं म्हणतात, "चालू आहे गं." आणि चहा टाकायला उठतात.